दगडातले सोने आणि आम्लातले जिवाणू

मी आयुष्यभर रसायनशास्त्र शिकवले. 'सोने अम्लराजाखेरीज कशालाही दाद देत नाही' हे वाक्य फळ्यावर किती वेळा लिहिले असेल, त्याची गणती नाही. खरे तर ते अर्धवट होते. प्राणवायू असेल तर सायनाइडच्या पातळ द्रावणातही सोने निमूट विरघळते. ग्लासगोच्या मॅकआर्थर आणि फॉरेस्ट बंधूंनी १८८७ मध्ये या युक्तीचे पेटंट घेतले आणि तेव्हापासून जगातले बहुतेक सोने याच वाटेने बाहेर येते.

पण काही खनिजे हटवादी असतात. त्यांतले सोन्याचे कण सूक्ष्मदर्शकातही धड दिसत नाहीत. पायराइट आणि आर्सेनोपायराइट या लोह, गंधक, आर्सेनिकच्या संयुगांच्या पोटात ते अडकलेले असतात. दगड पिठासारखा दळला तरी सायनाइड आत पोचत नाही आणि कधीकधी निम्मेही सोने हाती लागत नाही.

जुना उपाय म्हणजे भाजणे. गंधक धूर होऊन जातो, आणि आर्सेनिकही. हे आर्सेनिक म्हणजे आपला सोमल. कॅनडातल्या यलोनाइफजवळच्या जायंट खाणीत १९४९ पासून पन्नास वर्षे असे भाजकाम चालले. सुरुवातीला धूर सरळ हवेत सोडत. १९५१ मध्ये तिथल्या डेने या आदिवासी समाजातले एक लहान मूल सोमलाच्या विषबाधेने दगावले. पिण्याचे पाणी म्हणून तिथे बर्फ वितळवत, आणि धूर त्या बर्फावरच बसत होता. आज २,३७,००० टन सोमलाची भुकटी त्या खाणीच्या पोटात पडून आहे. ती पाण्यात विरघळते, म्हणून भोवतालचा खडक गोठवून तिला जखडून ठेवण्याचे काम हाती घ्यावे लागले. दागिन्याच्या घडणावळीत हा खर्च कुणी धरत नाही.

दुसरा उपाय दक्षिण आफ्रिकेतल्या बार्बर्टनजवळच्या फेअरव्ह्यू खाणीने १९८६ मध्ये वापरात आणला. दळलेले खनिज पाण्यात कालवून मोठ्या टाक्यांत घालायचे, ढवळायचे, खालून हवा फुंकायची आणि त्यात जिवाणू सोडायचे. 'सोने खाणारे जिवाणू' असे मथळे अधूनमधून वाचायला मिळतात. ते साफ चुकीचे. हे जीव सोन्याला स्पर्शही करत नाहीत. ते फेरस लोहाचे फेरिक करतात आणि त्यातून मिळणाऱ्या ऊर्जेवर जगतात. फेरिक लोह आर्सेनोपायराइटला पोखरते, पोखरताना पुन्हा फेरस होते, आणि जिवाणूंच्या पुढ्यात ताट परत वाढले जाते. कार्बन ते हवेतून घेतात. वरून लागते ते नत्र, स्फुरद, पालाश. म्हणजे शेतकरी शेतात टाकतो तेच.

हे सारे जठररसाइतक्या तीव्र आम्लात चालते. एवढी उष्णता निघते की ४० ते ४५ अंशांच्या आत राहण्यासाठी टाकीत थंड पाण्याच्या नळ्या फिरवाव्या लागतात. नाहीतर कामगार स्वतःच्याच कामाने शिजतील! भाजकामाला तास लागतात, याला चार-सहा दिवस. पण नंतर सायनाइडने नव्वद टक्क्यांहून अधिक सोने सुटू शकते. धूर नाही. द्रावणात उतरलेले आर्सेनिक चुनखडी घालून लोहाबरोबर साक्याच्या रूपात खाली बसवतात. लोह पुरेसे असेल तर तो साका सोमलासारखा सहज विरघळत नाही. तरी आर्सेनिक नाहीसे होत नाही, हे विसरू नये. त्या गाळाची राखण करावीच लागते.

आणि सायनाइड? ते सुटलेले नाही. उलट त्यानेच या कारखान्यात एक विचित्र सोवळे आणले आहे. अर्धवट उरलेल्या गंधकाशी सायनाइडचा संयोग होऊन थायोसायनेट बनते, आणि आम्लात मजेत जगणारे हे जिवाणू त्याच्या थोड्याशा अंशानेही मरतात. पाण्याची कितीही टंचाई असो, सायनाइडकडचे पाणी शुद्ध केल्याशिवाय जिवाणूंच्या टाकीकडे परत वळवता येत नाही.