कुत्र्याचे दात साफ करणे इतके महाग का?

पाळीव कुत्र्याने जवळ येऊन जांभई दिली की अनेकदा उग्र वास येतो. कुत्र्याच्या तोंडाला वास यायचाच, असे आपण समजतो. पण ती बहुधा हिरड्यांच्या आजाराची खूण असते. त्याच्या ४२ दातांवर लाळ, अन्नकण आणि जिवाणूंचा चिकट थर रोज साचतो. कुत्र्याची लाळ आपल्यापेक्षा अल्कधर्मी असल्याने दात सहसा किडत नाहीत. मात्र लाळेतले कॅल्शियम त्या थरात लवकर बसते आणि गीझरच्या कॉइलवर क्षार धरावेत तसा तो काही दिवसांत टणक होतो. मग तो ब्रशने निघत नाही. जिवाणू हिरडीखाली उतरतात आणि दाताला धरून ठेवणारे हाड झिजत जाते.

डॉक्टरांचे खरे काम या हिरडीखालच्या भागातच असते. माणूस आ करून स्थिर बसतो, कुत्रा बसत नाही. म्हणून रक्ततपासणी, पूर्ण भूल, श्वासनलिकेत नळी, एक्स-रे आणि सतत देखरेख लागते. खर्च वाढतो तो यामुळे. भूल न देता दात खरवडून घेणे स्वस्त पडते, पण त्याने दात पांढरे दिसतात, आजार तसाच राहतो. हाडे चघळून दात साफ होतात, हा युक्तिवादही अपुराच आहे. थोडा थर निघतो खरा, पण कडक हाडाने दाढ तडकू शकते आणि तिचा उपचार आणखी महागात जातो. त्यापेक्षा रोज मऊ ब्रशने, कुत्र्यांसाठीच्या पेस्टने दात घासा. आपली पेस्ट मात्र वापरू नका; कुत्रा ती गिळतो आणि काही पेस्टमधले झायलिटॉल त्याच्यासाठी विष आहे.