हिंगणघाटचा मोजणीदार

‘शेताची मोजणी आता उपग्रहावरून होते, असं सगळेच सांगतात. मग बांधावर उभं राहून मोबाइलमध्ये पाहिलं तर मी शेजाऱ्याच्या वावरात उभा दिसतो, हे कसं?’ समुद्रपूर तालुक्यातल्या एका वाचकाचा हा प्रश्न. त्याचं उत्तर देताना त्यांच्या शेजारच्याच तालुक्यात चिरविश्रांती घेत असलेल्या एका माणसापर्यंत जावं लागतं. मला तर ते आवडीचंच काम आहे.

आधी मोबाइल. सुमारे 20,200 किलोमीटर उंचीवरून फिरणारे जीपीएसचे उपग्रह वेळेचा संकेत पाठवत असतात. तो पोचायला किती वेळ लागला, यावरून अंतर निघतं. प्रकाश सेकंदाच्या एक कोटीव्या भागात 30 मीटर जातो, म्हणजे घड्याळात तेवढी गफलत झाली की अंतर 30 मीटरने चुकलंच. त्यात संकेत वातावरणाच्या वरच्या थरात रेंगाळतो, भिंतीवर आपटून आडवाटेने येतो. मोकळ्या आभाळाखालीही साध्या मोबाइलची चूक पाचेक मीटरची असते. एका गुंठ्याची बाजू 33 फूट, जेमतेम 10 मीटर. अर्धा गुंठा इकडे की तिकडे, हे ज्या यंत्राला सांगता येत नाही, त्याने बांधाचा निवाडा कसा करायचा?

भूमी अभिलेख खात्याचा भूकरमापक रोव्हर नावाचं यंत्र घेऊन येतो, तेही याच उपग्रहांचे संकेत पकडतं. तरी त्याची चूक काही सेंटिमीटरवर येते. हे साधतं ते दूरवरच्या एका पक्क्या, न हलणाऱ्या स्थानकामुळे. भारतीय सर्वेक्षण विभागाने महाराष्ट्रात अशी 77 स्थानकं उभारली आहेत. त्यांना ‘कॉर्स’ म्हणतात. स्थानकाला स्वतःची जागा आधीच नेमकी ठाऊक असते. उपग्रह त्याला भलतीच जागा सांगू लागले की दोन्हींतला फरक म्हणजे त्या क्षणाची चूक. ती मोबाइलच्या जाळ्यावरून रोव्हरला कळवली जाते आणि रोव्हर आपला आकडा दुरुस्त करून घेतो. चूक टळत नाही. ती मोजली जाते आणि वजा केली जाते.

हा विचार या मातीत रुजवला लेफ्टनंट कर्नल विल्यम लॅम्बटन यांनी. यॉर्कशायरचा हा सैनिक अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात लढला, पकडला गेला, अनेक वर्षं कॅनडात राहिला आणि चाळिशी उलटल्यावर भारतात आला. श्रीरंगपट्टण पडल्यानंतर त्यांनी प्रस्ताव मांडला: दक्षिण भारत आरपार मोजायचा, आणि त्या ओघात पृथ्वीचा आकारही. विषुववृत्ताजवळ अक्षांशाचा एक अंश सुमारे 110.6 किलोमीटरचा असतो, ध्रुवाजवळ 111.7 किलोमीटरचा. हा सव्वा किलोमीटरहून कमी फरक पृथ्वी ध्रुवांशी किती चपटी आहे ते सांगतो. त्यासाठी विषुववृत्ताच्या बाजूचा एक लांब कंस बिनचूक मोजलेला हवा होता.

मद्रासच्या कारभाऱ्यांपैकी एकाला हा खर्च पटेना. श्रीरंगपट्टणला जायचं तर पालखीच्या भोयांना नुसतं सांगितलं की ते पोचवतात, त्याला लॅम्बटनचा नकाशा कशाला, असा त्याचा युक्तिवाद होता. सुदैवाने तो टिकला नाही.

10 एप्रिल 1802 रोजी मद्रासजवळ सेंट थॉमस माउंटच्या परिसरात पायारेषा, म्हणजे पुढच्या सगळ्या गणिताचा आधार असलेली रेषा, मोजायला सुरुवात झाली. लांबी सुमारे साडेसात मैल. साखळी होती लंडनच्या रॅम्सडेन यांनी घडवलेली, 100 फुटांची, पोलादी. ती आधी चीनच्या सम्राटाला नजराणा म्हणून गेली होती. त्याने ती नाकारली, म्हणून फिरत फिरत हिंदुस्थानात आली. ही हकिगत मला फार प्रिय आहे, कारण त्या नकारामुळे आपल्या देशाचा नकाशा उभा राहिला.

पण खरी गोष्ट पुढेच आहे. पोलाद तापलं की वाढतं. दहा अंश सेल्सिअसने तापमान चढलं तर 100 फुटांची साखळी साडेतीन मिलिमीटरने लांबते. साडेसात मैलांत तिचे जवळजवळ 400 टप्पे पडतात, म्हणजे एकूण चूक सुमारे 1.4 मीटर. मद्रासचं एप्रिल-मे महिन्यांतलं ऊन आठवा. लॅम्बटन यांनी साखळी लाकडी पेट्यांत ठेवली, पेट्या तिपायांवर समपातळीत बसवल्या, शेजारी तापमापक लावले आणि आकडे त्यानुसार दुरुस्त केले. एवढ्या एका रेषेला 57 दिवस लागले. कपाशीची चौफुली आखताना पहिली दोरी तिरपी धरली गेली तर शेवटच्या तासापर्यंत सगळं वावर तिरपं होतं. इथे त्या दोरीवर अख्खा देश आखायचा होता.

पुढचं काम कोनांचं. एक बाजू आणि दोन कोन कळले की त्रिकोणाच्या उरलेल्या बाजू गणिताने निघतात, त्यांतल्या एका बाजूवर पुढचा त्रिकोण उभा राहतो. कोन मोजायचा थिओडोलाइट अर्ध्या टनाचा. तो आणणारं जहाज फ्रेंचांनी वाटेत पकडलं, तरी मॉरिशसच्या फ्रेंच गव्हर्नरने यंत्र सन्मानाने परत पाठवलं. 1808 साली तंजावरच्या देवळाच्या शिखरावर चढवताना ते भिंतीवर आदळलं आणि त्याचं पितळी वर्तुळ वाकलं. लॅम्बटन तंबूत जाऊन बसले आणि सहा आठवडे खपून त्यांनी ते पूर्ववत केलं.

त्याआधी 1804 मध्ये त्यांनी बंगळूरजवळ दुसरी पायारेषा साखळीने मोजली होती. तिची लांबी मद्रासहून त्रिकोणामागून त्रिकोण जोडत आधीच गणिताने काढलेली होती. सात मैलांच्या रेषेत दोन्हींमधला फरक निघाला चार इंचांपेक्षा कमी. आपल्याच गणिताला असं उघड्यावर तपासायला उभं करणं, यात मला त्यांचं मोठेपण दिसतं.

1818 साली या कामाला ‘ग्रेट ट्रिगोनोमेट्रिकल सर्व्हे’ हे नाव मिळालं. काम उत्तरेकडे वऱ्हाडात सरकलं, तसा मुक्काम हैदराबादहून नागपूरला हलवायचं ठरलं. त्या वाटेवर, हिंगणघाटला, 20 जानेवारी 1823 रोजी लॅम्बटन वारले. वय सत्तरीच्या आसपास होतं. तोवर सुमारे 1 लाख 65 हजार चौरस मैलांवर त्रिकोण आखून झाले होते. त्यांची कबर हिंगणघाटलाच आहे.

सूत्रं गेली त्यांचे सहायक जॉर्ज एव्हरेस्ट यांच्याकडे. एव्हरेस्ट यांनी कंस हिमालयाच्या पायथ्यापर्यंत नेला, ते कामही थोरच. पुढे 1856 साली सर्वेक्षणाचे तेव्हाचे प्रमुख अँड्र्यू वॉ यांनी जगातल्या सर्वोच्च शिखराला एव्हरेस्ट यांचं नाव सुचवलं आणि ते शाळेच्या पुस्तकात कायमचं बसलं. पाया घालणाऱ्याचं नाव वर्धा जिल्ह्यातल्या मुलांनाही कोणी सांगत नाही, याची मला मनापासून खंत वाटते.

लॅम्बटन यांचा कंस आजच्या संगणकातही सापडतो. एव्हरेस्ट यांनी 1830 साली पृथ्वीच्या आकाराचे आकडे काढले, त्यांत त्या कंसाचा वाटा होता, आणि आपले जुने टोपोशीट त्याच आकड्यांवर आहेत. जीपीएस मात्र वेगळे आकडे धरतं. रूपांतर न करता जुन्या नकाशावर जीपीएसचा बिंदू ठेवला तर आपल्या भागात तो 100 मीटरहून जास्त सरकतो. दोन्ही आकडे आपापल्या जागी बरोबर, फक्त पाया वेगळा.

बांधाचंही तेच. जुन्या गावनकाशाचं प्रमाण एका मैलाला सोळा इंच असेल, तर त्यावरची अर्ध्या मिलिमीटरची रेघ जमिनीवर जवळपास दोन मीटर रुंद होते. रोव्हर दोन सेंटिमीटरपर्यंत अचूक असला तरी मूळ रेघ दोन मीटरची आहे. वाद मिटवायचा तर जुने दगड, वहिवाट, कागद आणि शेजाऱ्याची समक्ष हजेरी लागणारच. उपग्रह आले की भांडणं संपली, असं सांगणाऱ्यांवर विश्वास ठेवू नका.

म्हणून नागपुरातल्या मंडळींकडे एक मागणं आहे. महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र, इस्रोचं प्रादेशिक केंद्र, राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण संस्था या सगळ्यांमुळे हे शहर भू-स्थानिक तंत्रज्ञानाचं मोठं ठाणं झालं आहे. अशा क्षेत्राच्या परिषदांत ड्रोन आणि कृत्रिम बुद्धिमत्तेने काढलेले देखणे नकाशे पडद्यावर झळकतात. प्रत्येक नकाशाखाली त्यातली चूक किती आणि ती कशी तपासली, हेही ठळक लिहिलेलं असावं. आणि यापुढची प्रादेशिक परिषद 10 एप्रिलच्या राष्ट्रीय सर्वेक्षण दिनाला, एक दिवस तरी, हिंगणघाटला भरवावी. तिथे एक पक्का खांब रोवावा आणि त्याचे अक्षांश, रेखांश, उंची त्यावरच मराठीत कोरावेत. शेतकऱ्याने आपला मोबाइल, भूकरमापकाने आपला रोव्हर आणि शाळेच्या पोरांनी आपलं गणित तिथे नेऊन ताडून पाहावं. स्वतःच्या गणिताची उलटतपासणी करणाऱ्या लॅम्बटन यांना याहून योग्य स्मारक मला सुचत नाही.