पोटात खोबरं, अंगावर पाव

रात्री इंदूरच्या राजवाड्यालगतच्या सराफ्यात सोन्याची दुकानं मिटतात आणि त्यांच्याच ओट्यांपुढे कढया चढतात. तिथे खोपरा पॅटिस फोडत म्यूनिकहून आलेला भाचा म्हणाला, "मामा, हे तर आमच्या पूटनश्नित्सेलच्या अगदी उलटं!"

पोरगं चुकलं नव्हतं. 'पूटे' म्हणजे टर्की. तिच्या छातीचा काप कुटून पातळ करायचा, मैद्यात घोळवायचा, फेटलेल्या अंड्यात बुडवायचा, पावाच्या चुऱ्यात लोळवून तळायचा. 100 ग्रॅम कच्च्या मांसात प्रथिनं सुमारे 24 ग्रॅम, चरबी जेमतेम एक-दोन. आत असा सडपातळ पैलवान, तेल सगळं अंगरख्यात! पॅटिसमध्ये बाहेरचा बटाटा बिचारा साधा, मेद पोटातच: ओल्या खोबऱ्यात 100 ग्रॅममागे तेहतीसेक ग्रॅम. वर तळणाचं तेल, ते वेगळंच.

गंमत म्हणजे बरंचसं तेल कढईत नाही, बाहेर काढल्यावर मुरतं. तळताना आतली वाफ तेलाला बाहेर रेटत असते. पदार्थ निवू लागला की वाफ थांबते आणि रिकाम्या छिद्रांत वरचं तेल ओढलं जातं. म्हणून झाऱ्यावर क्षणभर धरून, गरम असतानाच निथळवायचं. एक मोठा चमचा तेल वाचलं तर 120 कॅलरी वाचल्या. (सराफ्यात हा हिशोब मांडणाऱ्याला गर्दी धक्के मारून पुढे ढकलते.)

बरं, श्नित्सेलला नावाचीही शिस्त आहे: जर्मनीत 'वीनर श्नित्सेल' म्हणून विकायचं तर मांस वासराचंच हवं. टर्कीचं असेल तर तसं सांगून फार तर 'वीनर पद्धतीचं' म्हणायचं.

नावाचा घोळ तर टर्कीच्या पाचवीलाच पुजलेला. पक्षी मूळचा मेक्सिकोकडचा. पण तुर्क त्याला म्हणतात 'हिंदी', डचांच्या 'काल्कून'मध्ये आपलं कालिकत दडलेलं आणि पोर्तुगीजांसाठी तो चक्क 'पेरू'! आपण तिखटमीठ लावून खातो तो नव्हे. 1612 मध्ये गोव्याहून एक टर्की जहांगीरच्या दरबारी पोचली. बादशहाने तिचं वर्णन लिहून ठेवलं, उस्ताद मन्सूरकडून चित्रही काढवून घेतलं. ते आता लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे.

भाचा परत जाताना पाव किलो जीरावण मसाला घेऊन गेला. श्नित्सेलवर लिंबू पिळून झालं की भुरभुरणार म्हणे.