इंदूरची ‘खासगी’ आणि ‘दौलत’

राजाचा हात कोठे थांबावा, हा विचार इंग्रजांनी आपल्याला शिकवला, असे शिकलेली माणसेही सहज बोलून जातात. मराठी ही घरात बोलायची भाषा, कायद्याची नव्हे, हेही सीमाभागात आपण पुष्कळदा ऐकून घेतो. असे बोलणाऱ्यांना आम्ही इंदूरचे दोन शब्द दाखवू.

होळकरांच्या राज्यात तिजोऱ्या दोन होत्या. एक ‘दौलत’, म्हणजे राज्याची. फौज आणि कारभार यांचा खर्च तिच्यातून. दुसरी ‘खासगी’. बाजीराव पेशव्यांनी १७३४ मध्ये मल्हारराव होळकरांच्या पत्नी गौतमाबाई यांना वेगळा मुलूख लावून दिला, तेथून खासगी सुरू झाली. गौतमाबाईंच्या मागे ती अहिल्याबाईंकडे आली. काशीपासून रामेश्वरापर्यंत अहिल्याबाईंचे म्हणून जे दानधर्म आपण सांगतो, त्यांचा खर्च मुख्यतः या खासगीतला. दोन्ही शब्द मूळचे अरबी-फारसी वळणाचे, हे खरे. पण त्यांना हा नेमका अर्थ दिला तो मोडीत हिशेब लिहिणाऱ्या मराठी कारभाराने.

दूर युक्रेनमध्ये याच सुमारास हाच प्रश्न निघाला होता. १७१० मध्ये परागंदा झालेल्या कोसॅक लढवय्यांनी आपला नवा प्रमुख, म्हणजे हेटमन, पिलिप ऑर्लिक याच्याशी लेखी करार केला. खजिना वेगळ्या खजिनदाराच्या हाती राहील, हेटमनने तो स्वतःसाठी वापरू नये, असे त्यात कलम होते. हेटमनला उत्पन्न निराळे नेमून दिले. युक्रेनमध्ये आपल्या राज्यघटनेची मुळे या कराराशी नेऊन भिडवतात. आपल्याकडे तेच काम रिवाजाने केले. कलम नव्हते, ही उणीव आहेच. ती झाकण्यात अर्थ नाही.

तरी रिवाजाचा शब्द किती काळ टिकतो ते पाहा. १९४८ मध्ये होळकरांचे राज्य मध्य भारतात विलीन झाले. पुढच्याच वर्षी खासगीचे उत्पन्न सरकारजमा झाले आणि त्या बदल्यात धर्मादायासाठी दरसाल २,९१,९५२ रुपये कायम राखून ठेवण्याचे ठरले. १९६२ मध्ये देवळे, घाट सांभाळण्यासाठी खासगी ट्रस्ट झाला. पुढे काही मालमत्तांच्या विक्रीचा वाद उठला. हरिद्वारचा कुशावर्त घाट त्यात होता. नाव ‘खासगी’, मग मालक कोण? इंदूरच्या हायकोर्टाने २०२० मध्ये मालमत्ता सरकारची ठरवली. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेले. २०२२ मध्ये त्या कोर्टाने हा सार्वजनिक न्यास आहे, त्याची नोंदणी झाली पाहिजे, असा निकाल दिला. आज आपण ‘खासगी शाळा’, ‘खासगी गाडी’ म्हणतो, त्या अर्थाने होळकरांची खासगी वाचली असती तर घाट विकायला आडकाठी कसली होती?

आपल्या गावांतूनही जुन्या पेट्यांत इनामाचे, वतनाचे मोडी कागद पडून आहेत. आजचा उतारा कानडीत असला, तरी त्या जमिनीची जुनी हकीकत पुष्कळदा या मोडीत असते. घर पाडताना ते बंबात जातात. घालण्यापूर्वी मोडी जाणणाऱ्या एखाद्या जाणत्याला दाखवावेत. कोल्हापूरच्या पुरालेखागारात असे कागद वाचणारी माणसे भेटतात.