हेरकथेचा बोलपट : 'समाधि'

त्र्यंबकेश्वरास जाणारा यात्रेकरू कुशावर्तावर स्नान करतो, ज्योतिर्लिंगाचें दर्शन घेतो आणि परततो. याच क्षेत्रीं ३० एप्रिल १८७० रोजीं दादासाहेब फाळके जन्मले, ही गोष्ट फार थोड्यांच्या ध्यानीं येते. आज आपणांस युद्धकालीन हेरकथेविषयीं बोलावयाचें आहे, आणि तिचा आरंभ दादासाहेबांपासूनच केलेला बरा. पहिलें महायुद्ध चालू असतां, १९१७ सालीं, त्यांनीं 'लंकादहन' पडद्यावर आणलें. शत्रूच्या राजधानींत चोरपावलांनीं शिरणारा, ठावठिकाणा काढणारा आणि खुणेची अंगठी दाखवून विश्वास संपादणारा मारुति हा हेर नव्हे तर दुसरा कोण? अशोकवनांतील झाडावर तो बसला आहे हें आपणांस ठाऊक असतें, राक्षसींना नसतें. हेरकथेची सारी गोडी या एका 'ठाऊक असण्यांत' आहे.

'समाधि' या १९५० सालच्या हिंदी बोलपटाची उभारणी याच पायावर झाली आहे. निर्मिति फिल्मिस्तानची, दिग्दर्शन रमेश सैगल यांचें. नेताजींच्या हांकेसरशीं शेखर (अशोककुमार) आझाद हिंद सेनेंत दाखल होतो. ज्या लिलीवर त्याचें मन बसतें ती, आणि तिची बहीण डॉली, या दोघी नर्तकी इंग्रजांच्या हेर आहेत. शेखरला हें कळत नाहीं, आपणांस कळतें. त्यामुळें त्यांची साधी प्रेमाची भाषाहि आपण जीव मुठींत धरून ऐकतों.

लिलीचें काम नलिनी जयवंत यांनीं केलें आहे. मुंबईच्या या मराठी नटीचा मोठा गुण असा कीं, त्या खलनायिका होत नाहींत आणि केवळ दयेचा विषयहि होत नाहींत. पगार एकीकडे आणि मन दुसरीकडे, अशी त्यांच्या चेहऱ्यावरची ओढाताण शब्दांवांचून समजते. कुलदीप कौर यांची डॉली त्या मानानें कठोर आहे, आणि तसेंच हवें होतें.

याहून मोलाची गोष्ट म्हणजे शेखरचा भाऊ. तो इंग्रजी फौजेंत आहे. १९४४ सालीं इंफाळ-कोहिमाच्या आघाडीवर हिंदी शिपाई हिंदी शिपायासमोर उभा ठाकला, हें कटु सत्य एका घरांत आणून बसविण्याचें धैर्य या बोलपटानें दाखविलें. इंग्रजी अंमलाखालीं असें चित्र निघणें शक्यच नव्हतें.

संगीत पुणतांब्याच्या रामचंद्र चितळकरांचें, म्हणजे सी. रामचंद्रांचें. लता मंगेशकर व अमीरबाई कर्नाटकी यांचें त्यांतील नृत्यगीत घरोघर पोंचलें. त्याची चाल 'डॉल फेस' या १९४५ सालच्या अमेरिकन चित्रपटांतील गाण्यावरून उचललेली आहे, पण नर्तकींच्या मुखीं ती शोभते. तक्रार चालीविषयीं नसून जागेविषयीं आहे : कथेनें वेग घ्यावा तोंच गाणें उभें राहतें, आणि मघांची धास्ती विरून जाते.

पण खरा दोष निराळाच. या हेरकथेंत हेरगिरीच थोडी! बातमी मिळते कशी, पोंचते कशी, तिनें कोणता डाव उधळतो, याचा नीट उलगडा होत नाहीं. योगायोगांवरच सारी भिस्त. वास्तविक याच लढ्यानें केवढी सामग्री पुरविली होती! पेनांगला शिकविलेले हिंदी तरुण सप्टेंबर १९४२ मध्यें जपानी पाणबुडींतून मलबारच्या किनाऱ्यावर उतरले आणि पकडले गेले. त्यांपैकीं त्रावणकोरच्या वक्कम अब्दुल खादर यांना १० सप्टेंबर १९४३ रोजीं मद्रासच्या तुरुंगांत फांशी देण्यांत आली. रात्रीचा समुद्र, अनोळखी झालेला स्वतःचाच किनारा, समोर येणाऱ्या प्रत्येक देशबांधवाची भीति : एवढ्यावर एक अख्खा बोलपट उभा राहिला असता. सैगल यांनीं त्याऐवजीं नाचघर निवडलें. तिकिटबारीच्या हिशेबानें तें बरोबरच ठरलें, कारण त्या सालच्या सर्वांत चाललेल्या बोलपटांत 'समाधि'ची गणना होते.