आजाराचं बारसं

आपल्याकडे बाळाचं बारसं बाराव्या दिवशी होतं. अमेरिकेतल्या बर्ट्रांड माइटच्या आजाराला नाव मिळायला मात्र सुमारे साडेचार वर्षं लागली.

तो जन्मला डिसेंबर २००७ मध्ये. काही महिन्यांतच आईवडिलांच्या लक्षात आलं, की वाढ मागे पडतेय, अंग सतत डुगडुगतंय आणि बाळ रडतं तेव्हा डोळ्यांतून पाणीच येत नाही. जन्मावेळी मेंदूला इजा झाली असावी, असा पहिला तर्क झाला. एमआरआय स्वच्छ निघाला. मग एका जीवघेण्या आजाराचं नाव पुढे आलं, ज्यात मुलं जेमतेम विशीपर्यंत पोहोचतात. पुढच्या तपासण्यांनी तेही खोडलं. अशा वेळी आईवडिलांनी पेढे वाटायचे की कपाळाला हात लावायचा? वाईट का होईना, पण हाताशी एक नाव होतं. तेही गेलं.

उत्तर मिळालं ते ड्यूक विद्यापीठात. तिथे निदान न झालेल्या बारा रुग्णांची आणि त्यांच्या आईवडिलांची जनुकं तपासली गेली. बर्ट्रांडला आईकडून एक आणि वडिलांकडून दुसरी, अशा एनजीएलवाय१ या जनुकाच्या दोन बिघडलेल्या प्रती मिळाल्या होत्या. पेशीत चुकीची घडी पडलेली प्रथिनं मोडीत काढताना त्यांवरच्या साखरेच्या साखळ्या सोडवणारं विकर हे जनुक बनवतं. तोवर त्याचा संबंध कुठल्याच आजाराशी जोडला गेला नव्हता.

पण एकट्या रुग्णावरून आजार सिद्ध होत नाही, दुसरा हवा. वडील मॅट माइट संगणकशास्त्राचे प्राध्यापक. मे २०१२ मध्ये त्यांनी मुलाची सगळी लक्षणं लिहून इंटरनेटवर टाकली, दुसऱ्या कुणा हताश पालकाने शोध घेतला तर सापडावीत म्हणून. तशी माणसं सापडत गेली. २०१४ मध्ये आठ रुग्णांवरचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. माझ्या मते हे यश जितकं यंत्रांचं, तितकंच त्या लिखाणाचं. वडिलांना हे जमलं नसतं तर? हा प्रश्न मला सुटत नाही.

नाव मिळालं म्हणून औषध मिळालं नाही. ऑक्टोबर २०२० मध्ये, वयाच्या बाराव्या वर्षी बर्ट्रांड गेला.

पुढच्याच वर्षी भारताचं दुर्मीळ आजार धोरण आलं. मुंबईचं केईएम रुग्णालय त्यातलं एक केंद्र आहे. पण धोरणातली आर्थिक मदत यादीतल्या आजारांना आहे. ज्याला नावच नाही, तो यादीत बसणार कसा?

तुमच्या घरी असा बिननावाचा आजार असेल आणि जनुकीय तपासणीत काहीच निघालं नसेल, तर ती फाइल माळ्यावर टाकू नका. दर वर्षी नवी जनुकं आजारांशी जोडली जात आहेत. दोनेक वर्षांनी जनुकतज्ज्ञांना भेटा आणि तीच जुनी माहिती पुन्हा तपासून मागा. त्यासाठी बहुतेक वेळा नव्याने रक्तही द्यावं लागत नाही.