जुन्या इलेक्ट्रिक गाडीची किंमत : रेवापासून आजवर

पेट्रोलची सेकंड हँड गाडी घेताना काय बघायचे, हे आपल्याकडे घरोघरी ठाऊक असते. मॉडेल कुठल्या वर्षाचे, किती किलोमीटर चालली, मालक कितवा, सर्व्हिसिंग कुठे झाले हे विचारायचे, ओळखीचा मेकॅनिक सोबत न्यायचा, बॉनेट उघडून इंजिनाचा आवाज ऐकायचा आणि मग आकडा बोलायचा. इलेक्ट्रिक गाडीपुढे यातले निम्मे ज्ञान कामाला येत नाही. तिची किंमत ठरते ती बॅटरीत किती दम उरला आहे, वॉरंटी किती शिल्लक आहे आणि तशीच नवी गाडी आज कितीला मिळते यावरून. हा हिशेब शिकायला आपल्या बाजाराला वीसहून अधिक वर्षे लागली आणि त्याची किंमत सुरुवातीच्या ग्राहकांनी मोजली.

2001 मध्ये बंगळुरूला चेतन मैनी यांच्या कंपनीची रेवा आली. पुढच्या सीटखाली लेड-अ‍ॅसिड बॅटऱ्या आणि एका चार्जमध्ये जेमतेम 80 किलोमीटर. या बॅटऱ्या काही वर्षांत संपत आणि पूर्ण संच बदलावा लागे. जुनी रेवा घेणारा पहिला प्रश्न विचारी : बॅटऱ्या कधी बदलल्या? नुकत्याच बदलल्या असतील तर गाडीला भाव, नाहीतर सांगाडाच विकत घेतल्यासारखे. म्हणजे खरा निकष पहिल्या दिवसापासून समोर होता. 2010 मध्ये महिंद्राने ही कंपनी घेतली आणि 2013 मध्ये लिथियम-आयन बॅटरीची ई-टू-ओ आणली. पण या गाड्या इतक्या कमी खपल्या की जुन्यांचा बाजारभाव म्हणून काही तयारच झाला नाही.

चित्र बदलले 2019 मध्ये. जुलैत ह्युंदाईची कोना इलेक्ट्रिक आली, किंमत 25 लाखांच्या वर. 1 ऑगस्टपासून सरकारने इलेक्ट्रिक गाड्यांवरचा जीएसटी 12 वरून 5 टक्क्यांवर आणला आणि कोना सुमारे दीड लाखाने स्वस्त झाली. ग्राहकाच्या दृष्टीने निर्णय चांगलाच होता. पण नवी गाडी स्वस्त झाली की दारात उभी असलेली जुनीही त्याच दिवशी स्वस्त होते, मग ती एक किलोमीटरही चालो न चालो, हा धडा तेव्हा पहिल्यांदा मिळाला.

जानेवारी 2020 मध्ये पुण्याजवळच्या रांजणगावात तयार होणारी टाटा नेक्सॉन ईव्ही आली. सुरुवातीची किंमत 13.99 लाख, बॅटरी 30.2 किलोवॅट-अवर आणि बॅटरी-मोटरवर 8 वर्षे किंवा 1 लाख 60 हजार किलोमीटरची वॉरंटी. मध्यमवर्गीय घरात इलेक्ट्रिक गाडी शिरली ती इथून. पुढच्या वर्षी महाराष्ट्राचे धोरण आले. सुरुवातीच्या 10 हजार मोटारींना बॅटरीच्या दर किलोवॅट-अवरला 5 हजार, जास्तीत जास्त दीड लाख, आणि लवकर खरेदी करणाऱ्याला आणखी एक लाखापर्यंत सवलत. शिवाय रोड टॅक्स माफ. तेव्हाच्या नेक्सॉनची आजची घसरण मोजताना शोरूमच्या किमतीतून आजचा भाव वजा करून चालत नाही. सवलत धरून मालकाच्या खिशातून प्रत्यक्षात किती गेले, तिथून मोजायला हवे. तसे मोजले की बऱ्याच गाड्यांची घसरण वाटते तेवढी भयंकर निघत नाही.

खरा दणका बसला 2023-24 मध्ये. जगभर बॅटऱ्या स्वस्त झाल्या. ब्लूमबर्ग एनईएफच्या पाहणीनुसार पॅकची सरासरी किंमत 2023 मध्ये किलोवॅट-अवरला 139 डॉलर होती, ती 2024 मध्ये 115 डॉलरवर आली. तिकडे टेस्लाने भराभर दर उतरवले, तर हर्ट्झ या भाड्याने गाड्या देणाऱ्या कंपनीने जानेवारी 2024 मध्ये सुमारे 20 हजार इलेक्ट्रिक गाड्या विकायला काढल्या. आपल्याकडे सप्टेंबर 2024 मध्ये सणाच्या तोंडावर नवी, सुधारलेली नेक्सॉन ईव्ही 12.49 लाखांपासून मिळू लागली, म्हणजे 2020 च्या पहिल्या नेक्सॉनपेक्षा दीड लाखाने कमी. अशा वेळी चार वर्षे वापरलेल्या गाडीला कोण किती देणार? गाडी खराब झाली म्हणून भाव पडला नव्हता. पण विकायला निघालेल्या मालकाला आकडा ऐकून तसेच वाटले, आणि इलेक्ट्रिक गाडीला रिसेल नाही ही समजूत पक्की झाली. सप्टेंबर 2025 मध्ये छोट्या पेट्रोल गाड्यांवरचा जीएसटी 18 टक्क्यांवर आला आणि इलेक्ट्रिकवरचा 5 टक्केच राहिला. दोन्हींच्या करातले अंतर कमी झाले.

रिसेलच्या या भीतीवर कंपन्यांनी उपाय काढले. एमजीने विंडसरसोबत बॅटरीचे पैसे किलोमीटरमागे भरायची सोय दिली, तीन वर्षांनी 60 टक्के किमतीला गाडी परत घेण्याची हमी दिली आणि पहिल्या मालकाला बॅटरीची आजीवन वॉरंटीही दिली. महिंद्राने बीई 6 आणि एक्सईव्ही 9ई ला अशीच आजीवन वॉरंटी दिली, पण गाडी दुसऱ्याच्या नावावर झाली की ती 10 वर्षे किंवा 2 लाख किलोमीटर होते. जुनी गाडी घेणाऱ्याने ही ओळ वाचल्याशिवाय टोकन देऊ नये. जाहिरातीतले ‘आजीवन’ त्याच्यासाठी नसते.

आता दोन जुन्या गाड्यांची तुलना करायची कशी? स्क्रीनवर दिसणाऱ्या रेंजवर जाऊ नका. आधीच्या मालकाने गाडी कशी चालवली यावर तो आकडा हलतो. त्यापेक्षा गाडी पूर्ण चार्ज करा आणि सपाट रस्त्यावर न्या. घाटात उतारावर बॅटरी परत भरते आणि हिशेब चुकतो. समजा 2021 ची नेक्सॉन पुणे-सोलापूर रस्त्यावर 170 किलोमीटर चालली, बॅटरी 80 टक्के उतरली आणि स्क्रीनवर सरासरी वापर किलोमीटरला 130 वॅट-अवर दिसला. म्हणजे 22.1 किलोवॅट-अवर खर्च झाले. त्याला 0.8 ने भागले की पूर्ण बॅटरी साधारण 27.6 किलोवॅट-अवरची, मूळच्या 30.2 च्या सुमारे 91 टक्के. हा आकडा प्रयोगशाळेतला नाही, पण दोन्ही गाड्यांना हीच कसोटी लावली की कुठलीत दम जास्त ते कळते. नंबरप्लेटही बघा : हिरव्या पाटीवर पांढरी अक्षरे म्हणजे खासगी, पिवळी म्हणजे टॅक्सी. टॅक्सीची बॅटरी रोज फास्ट चार्जवर राबलेली असू शकते. चार्जिंगचा पोर्टही तपासा. महिंद्राच्या ई-व्हेरिटोला आणि टाटा टिगोर ईव्हीच्या सुरुवातीच्या गाड्यांना हायवेवरचा सीसीएस-2 चार्जर लागत नाही. एजंटकडून घेत असाल तर त्याच्या नफ्यावर 18 टक्के जीएसटी लागतो, हेही बोलणी करताना ध्यानात ठेवा.

एवढे सगळे ग्राहकाने एकट्याने करावे, हे मात्र पटत नाही. युरोपीय संघात 18 फेब्रुवारी 2027 पासून इलेक्ट्रिक गाडीच्या बॅटरीला डिजिटल पासपोर्ट, म्हणजे तिच्या माहितीची नोंद, सक्तीचा होतो आहे. महाराष्ट्र सरकारने 2025 च्या धोरणात द्रुतगती मार्ग, समृद्धी आणि अटल सेतूवर टोलमाफी जाहीर केली. तेच सरकार आरसी ट्रान्सफरच्या कागदांत बॅटरीच्या स्थितीचा दाखलाही मागू शकते. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये मोजणीचे यंत्र आहे, गाडीच्या कॉम्प्युटरमध्ये माहिती आहे. उरते ती सही आणि शिक्का. तो नियम येईपर्यंत विकणाऱ्याकडून दाखला आपणच मागून घ्या. तो द्यायला जो तयार नसेल, त्याची गाडी कितीही स्वस्त असली तरी घेऊ नका.